बांधावरचं इंग्रजी

माझा नवरा पेन्शनीवर घरी आला तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या सगळ्या वस्तूंना आठवड्याभरात जागा मिळाली. बिछान्याचा होल्डॉल माळ्यावर गेला, लोकरीचे कपडे पेटीत गेले, मोठा थर्मास स्वयंपाकघरात रुजू झाला. त्याला मात्र जागा मिळेना. पहाटे चारला उठायचा, अंथरुणाची चौकोनी घडी घालायचा आणि मग काय करायचं ते न सुचून अंगणातून गोठ्यापर्यंत आणि गोठ्यापासून अंगणापर्यंत चालत राहायचा. मी आत चहा टाकत असायचे आणि त्याच्या चपलांचा आवाज ऐकायचे. तो आवाज थांबला की मला धास्ती वाटायची आणि सुरू राहिला की चीड यायची.

काळी लोखंडी ट्रंक तेवढी त्यानं रिकामी केली नाही. कॉटखाली सरकवली. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "असू दे. लागंल कवातरी."

हे 'लागंल' माझ्या डोक्यातून जाईना.

आमचं गाव आष्ट्यापासून जवळ. शेती उसाची, ती चुलतदीर बघतात, आणि उसाला काही रोज माणूस लागत नाही. पेन्शन येत होती, माझ्या शिकवण्या चालू होत्या, मुलगी सांगलीला वसतिगृहात राहून अकरावी करत होती. म्हणजे अडत काहीच नव्हतं. पण त्याच्या युनिटमधला एक जुना दोस्त पुण्यात सिक्युरिटीचं काम बघायचा आणि त्याचा दर दोन दिवसांनी फोन यायचा. फोन स्पीकरवरच असायचा, फौजी लोकांना हळू बोलायची सवय नसते. "ये रं गड्या, हितं आपलीच चार पोरं हायेत. सुपरवायझर करतो तुला. घरात बसून काय अंडी उबवतोस का?" माझा नवरा हसायचा. त्या हसण्यात मला आमचं घर कुठंच दिसायचं नाही.

मला तो घरी हवा होता. इतकी साधी गोष्ट होती. लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि त्यातली बरीचशी मी फोन कानाला लावून काढली होती. आता हा माणूस समोर बसून जेवतो, मीठ कमी आहे म्हणतो, टॉवेल ओला ठेवतो, हे मला अजून पुरेसं झालं नव्हतं. पण हे त्याला सांगायची रीत आमच्या घरात नव्हती.

रीत माझ्या सासूबाईंची. माझं माहेर वाईचं. घाटाजवळ वडिलांचं पूजासाहित्याचं दुकान, घरात सगळे तोंडाळ, भांडणं रोजची आणि ती दुपारपर्यंत विसरायची. लग्न होऊन आले तेव्हा आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, मला पहिल्याच आठवड्यात बसवून सांगितलं. सासरेही फौजेतच होते, त्यामुळं त्या अनुभवानं बोलत होत्या. "हे बघ बाय, सुट्टीवर आलेल्या माणसाशी भांडायचं न्हाई. वाईट बातमी सांगायची न्हाई. आन् जाताना जाऊ नका म्हणायचं न्हाई. त्यो तिकडं एकटा आसतोय, डोक्यात घिऊन बसतोय." मग मी ते पाळलं. सुट्टीत आला की त्याच्या आवडीचं करायचं, हसायचं, आणि निघायच्या दिवशी उंबऱ्यापर्यंत जायचं. फाट्यापर्यंत बायकांनी जायचं नाही, हाही त्यातलाच नियम. आमचं कधी भांडण झालं नाही, असं मी मैत्रिणींना अभिमानानं सांगायचे. भांडायला माणूस घरात लागतो, हे मला कुणी सांगितलं नाही.

तर त्या उन्हाळ्यात बँकेच्या क्लार्कची जाहिरात निघाली. माजी सैनिकांसाठी जागा होत्या आणि आपला जिल्हा मागता येत होता. मी ती मोबाईलवर त्याच्यापुढं धरली. त्यानं वाचली, खालपर्यंत गेला, परत वर आला.

"गणित, बुद्धिमापन आपलं हातातलं हाय," तो म्हणाला. "इंग्लिशचं काय?"

"मी कशाला आहे?"

मी साताऱ्याच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी.ए. केलेलं. गावातली निम्मी पोरं माझ्याकडून इंग्रजी शिकून गेली. नवऱ्याला चार शब्द शिकवणं काय अवघड, असं मला वाटलं. आणि मनात एक सरळ हिशेब होता. तो पास झाला तर सकाळी डबा घेऊन जाईल आणि संध्याकाळी परत येईल. नापास झाला तर ट्रंक आहेच कॉटखाली.

पहिल्या दिवशी शिकवणीच्या खोलीत बसलो. सतरंजी, फळा, पोरांनी चिकटवलेले तक्ते. इंग्रजीच्या पेपरात हमखास येणारा भाग म्हणजे कानाला सारखे लागणारे शब्द. दोन शब्द, उच्चार जवळजवळ एक, स्पेलिंग वेगळं, अर्थाचा एकमेकांशी काही संबंध नाही. गाळलेल्या जागी त्यातला बरोबर कुठला ते ओळखायचं. मी फळ्यावर चार जोड्या लिहिल्या आणि मागं वळून बघितलं तर तो दारात.

"लाईट आली का बघतो. मोटर चालू करायला पायजे."

लाईट आली नव्हती. तो येऊन बसला. मी पुढची जोडी लिहिली. तो परत उठला, गोठ्यात जनावर हंबरलं म्हणून. मग पाणी प्यायला. मग खिडकी उघडायला, मग तीच खिडकी लावायला. पोरांनी असं केलं की मी त्यांना कान धरून उभं करते. नवऱ्याला काय करणार? मी खडू ठेवला आणि गोड आवाजात म्हणाले, "उद्या बघू." सुट्टीतलाच तो आवाज, इतक्या वर्षांचा घोटलेला. माझा मलाच त्याचा कंटाळा आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे चपलांचा आवाज सुरू झाला तशी मी चहा तसाच ठेवला आणि त्याच्यामागून चालायला लागले.

"तू कुठं?"

"तुम्ही कुठं?"

"मळ्यापतूर."

"चला. चालता चालता शिकवते."

आमच्या गावात नवरा-बायको रस्त्यानं बरोबर चालत नाहीत. गेलेच तर तो पुढं वीस पावलं आणि ती मागं, जणू ओळख नाही. आम्ही शेजारी शेजारी चाललो होतो आणि वर बोलत होतो, तेही इंग्रजीत. दुधाच्या किटल्या घेऊन डेअरीकडं निघालेली माणसं थांबून बघायला लागली. तिसऱ्या दिवशी एकानं विचारलंच, "काय हवालदार, मॅडमनी कवायतीला लावलं व्हय?" आत्यांच्या कानावर ते गेलं आणि त्या दोन दिवस तोंड फुगवून होत्या. "लोकं काय म्हणत्याल," एवढंच. मी म्हटलं, म्हणू देत. मला वेळ नव्हता. परीक्षा जवळ येत होती आणि पुण्याचा फोन थांबला नव्हता.

चालायला लागला की त्याचं डोकं चालतं, हे मला तेव्हा कळलं. बसवलेला असताना त्याला एका 'ओ'चा 'लूज' आणि दोन 'ओ'चा 'लूज' कळेना, आणि बांधावर दहा मिनिटांत त्यानं त्याची सोय लावली. सोयही अगदी गावातली. आमच्या गावात अर्ध्या माणसांचं आडनाव एक, आणि त्यात एकाच नावाचे पाच-सहा जण सहज निघतात. पण कुणाची गफलत होत नाही, कारण प्रत्येकाला घर जोडलेलं आहे. टाकीजवळचा, पोल्ट्रीवाला, वरच्या आळीचा, पाय मोडलेला. पोस्टमन नवा आला की त्याला आधी हेच शिकवतात.

"मग ह्यास्नीबी घरं देऊ की," तो म्हणाला. "नाव एकच, घर येगळं. चुकंल कसं?"

आणि त्यानं खरोखर दिली. 'स्टेशनरी' शब्दाची दोन घरं. शेवटाकडं 'ए' असलेला म्हणजे जागचा न हलणारा. तो गेला ओढ्याजवळ, जिथं कुणाचा तरी जुना ट्रॅक्टर वर्षानुवर्षं गंजत उभा आहे. 'ई' वाला म्हणजे वह्या-पेनं. तो हायस्कूलसमोरच्या दुकानात. 'प्रिन्सिपल' चा 'ए-एल' वाला सोसायटीत बसवला, कारण तो मुद्दलही आहे आणि मुख्य माणूसही. 'एल-ई' वाला म्हणजे तत्त्व. त्यासाठी घर शोधायला आम्ही गावभर फिरलो. शेवटी आम्हाला एक म्हातारे मिळाले, जे कुणाच्या लग्नात जेवत नाहीत आणि स्वतःच्या मुलाच्या लग्नातही जेवले नव्हते. नवरा रस्त्यात थांबून हसला. पाटाच्या कडेला ओल्या मातीत तो उसाच्या कांडक्यानं स्पेलिंग लिहायचा, मी वाकून बघायचे, चूक असेल तर पायानं पुसायचे.

मला हे आवडायला लागलं. आणि आवडायला लागलं म्हणून जास्त भीती वाटायला लागली. रोज परत येताना मी मोजदाद करायचे, आज किती आलं, काय राहिलं. रात्री झोपेत शब्द यायचे. शिकवणीच्या पोरांवर विनाकारण ओरडायचे. एका पोरीनं विचारलं, "बाई, परीक्षा तुमची हाय का?" मी तिला गप्प बसवलं, पण बरोबर बोलली होती ती.

एक दिवस 'पीस' आला. 'आय-ई' वाला म्हणजे तुकडा, 'ई-ए' वाला म्हणजे शांतता. त्याला लगेच घर मिळालं. "तुकडा आपला शिंप्याकडं, ब्लाउजपीसचा. आन् दुसरा म्हंजे पीस स्टेशन."

फौजेतल्या माणसाच्या बायकोला हा दुसरा शब्द कुठल्याही शाळेत शिकावा लागत नाही. पीस स्टेशनला पोस्टिंग म्हणजे फॅमिली क्वार्टर, म्हणजे बायको-पोरं बरोबर. त्याला ते एकदाच मिळालं होतं आणि तेव्हाच आत्या पडल्या, मांडीचं हाड मोडलं. मी इथंच राहिले. क्वार्टरमध्ये तो एकटा राहिला. मला फोनवर म्हणाला होता, "काय न्हाई, पुढच्या वेळी." मी म्हणाले होते, "हो, त्यात काय." पुढची वेळ आली नाही.

"तेव्हा मला यायचं होतं," मी एकदम म्हणाले.

"मग बोलली न्हाईस."

"कशी बोलणार? आत्या अंथरुणात."

तो पुढं चालायला लागला. "पडदं घिऊन ठेवलं हुतं मी क्वार्टरला," थोड्या वेळानं म्हणाला. "निळं. तुझ्या आवडीचं. मग कुणालातरी देऊन टाकलं."

मला त्या पडद्यांचं त्या दिवशी कळलं.

आणखी एक जोडी यादीत होती. लष्कराच्या मोठ्या तुकडीचा शब्द, म्हणायचं 'कोअर', पण लिहिताना शेवटी 'पी' आणि 'एस' मुके. तो त्याला पाठच होता, नोकरीभर कागदावर बघितलेला. मी म्हटलं, आता ह्याच्या शेवटी एक 'ई' लावा, की ते दोन्ही मुके बोलायला लागतात आणि अर्थ होतो प्रेत. याला कुठलं घर द्यायचं?

त्यानं कांडकं खाली टाकलं. "ह्यो नगं."

"पेपरात येतो हा."

"येऊ दे. एक मार्क गेला तर गेला."

पाटाचं पाणी वाहत होतं. मग त्यानं माझ्याकडं न बघता सांगितलं, की एका साथीदाराला त्यानं वरच्या चौकीवरून खाली खांद्यावर आणलं होतं. बर्फातून. आपल्याच भागातला होता, जतकडचा, मराठी बोलता बोलता मध्येच कानडी बोलायचा. "त्या दिवशी संध्याकाळी तुला फोन केला हुता. तू म्हणालीस, आवाज बसलाय का, सर्दी झालीय का. मी व्हय म्हणालो."

मला तो फोन आठवला. मी त्याला हळद-दूध घ्यायला सांगितलं होतं.

मग मीही सांगितलं. मुलीला डेंग्यू झाला होता, सांगलीच्या दवाखान्यात आठवडा काढला, तिच्या प्लेटलेट उतरत होत्या आणि फोनवर मी त्याला म्हणत होते, सगळं मजेत आहे, पोरगी खेळायला गेलीय. तो उभाच राहिला. कोणत्या साली, कोण होतं बरोबर, रक्त कुणी दिलं, असं एकामागून एक विचारत राहिला. मी आठवून आठवून सांगत होते. जे घडून गेलं त्याची काळजी तो आता करत होता आणि मला त्याचा रागही येत होता आणि बरंही वाटत होतं. त्या दिवशी इंग्रजी झालं नाही.

भांडण झालं ते पुढच्या आठवड्यात. 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट'. एक परिणाम करतो, दुसरा स्वतः परिणाम. याला घर काही केल्या बसेना. मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, ओढ्यापर्यंत सांगितलं आणि परत येताना सांगितलं. तो प्रत्येक वेळी उलटं लिहायचा. आणि एकदा उलटं लिहून वर म्हणाला, "जाऊ दे गं. न्हाई जमलं तर पुणं हायच."

माझं डोकं फिरलं. "पुणं हायच! मग कशाला मला रोज पहाटे उठवता? जा ना पुण्याला. ट्रंक तयारच ठेवलीय. एक सदरा बाहेर काढला नाही त्यातला. गेली कित्येक वर्षं मी पाहुणचार करतेय, आता मला नाही जमत. टॉवेल ओला ठेवता, खिडकी उघडता, लावता, एक मिनिट बूड टेकत नाही. माणूस आहात का भिंगरी?"

हे सगळं मी बांधावर, भर सकाळी, पलीकडच्या रानात तण भांगलणाऱ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. त्या थांबल्या होत्या. माझ्या नवऱ्याचं तोंड उघडं होतं.

मग तोही बोलला. म्हणाला, त्याला या घरात काही सापडत नाही. चमचे कुठं असतात माहीत नाही. आई त्याला अजून ताट वाढून देते आणि तो उठेपर्यंत कोणी जेवत नाही. "मी बसलो की सगळी उभी. मग मी बसू कसा?" तो ओरडून म्हणाला. "पाव्हणा हाय का मी?"

आम्ही घरी आलो ते एकमेकांकडं न बघता. तो पुढं, मी मागं, गावच्या रिवाजाप्रमाणं. आत्यांनी आमचे चेहरे बघितले आणि त्यांच्या हातातली परात तशीच राहिली. पण मला विचाराल तर मला हलकं वाटत होतं. दुपारी त्यानं स्वतः उठून चमचा शोधला. चार डबे उघडले, पण शोधला.

परीक्षेचं केंद्र साताऱ्याला आलं, शहराबाहेरच्या एका कॉलेजात. मी बरोबर गेले. कऱ्हाडपर्यंत आम्ही शब्द घोकले, पुढं तो खिडकीतून बघत राहिला आणि मी त्याच्याकडं. तो आत गेला तशी मी गेटसमोर रसाच्या गाड्याजवळ बसले. बसले म्हणजे काय, उठले, चालले, परत बसले. गाडीवाल्यानं स्टूल दिलं ते रिकामंच राहिलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी याच शहरात मी स्वतःचे पेपर लिहिले होते, तेव्हा मला इतकं झालं नव्हतं.

तो बाहेर आला तो हसत. "इंग्लिश लय सोपं गेलं. सगळी आपापल्या घरात सापडली."

मी रस्त्यात त्याचा हात धरला. कुणी बघितलं असेल तर बघो.

निकाल लागला त्या दुपारी तो अंगणात मोबाईल घेऊन उभा होता. बराच वेळ उभा होता, त्यावरूनच मला कळलं. इंग्रजीत त्याला चांगले गुण होते, मी पैज लावली असती त्याहून चांगले. गेला तो गणितात. हातातलं आहे म्हणून ज्याला आम्ही हातही लावला नव्हता, त्या गणितात. मला हसावं की रडावं कळेना. मी म्हणाले, "पुढच्या वेळी." आणि म्हणता म्हणताच कळलं की हे त्याचंच जुनं वाक्य आहे.

संध्याकाळी पुण्याचा फोन आला. या वेळी तो हसला नाही. फक्त म्हणाला, "येतो. सोमवारी."

मी काहीच बोलले नाही. तुम्हाला वाटेल, बांधावर एवढी ओरडलेली बाई आता गप्प का? मलाही तेच वाटत होतं. पण ओरडणं वेगळं. जाऊ नका हे शब्द मी आयुष्यात कधी त्याच्यासमोर उच्चारले नव्हते, आणि जिभेला त्यांची सवयच नव्हती. मला वाटत होतं, इतके दिवस पहाटे त्याच्यामागं चालले ते त्याला कळलं असेल. त्याला काय वाटत होतं कुणास ठाऊक. तो भराभर आवरत होता, आणि आवरायला तरी काय होतं? ट्रंक बाहेर ओढली, कुलूप लावलं, झालं.

सोमवारी सकाळी मी खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत होते. तो निघाला की चटणी आणि लाडू, हे ठरलेलं. आत्या लाडू डब्यात भरत होत्या. तो चहा पिऊन, आईच्या पाया पडून, ट्रंक मोटरसायकलवरच्या पुतण्याकडं देऊन फाट्याकडं चालत गेला होता. चटणी झाली की पुतण्याच येऊन डबा नेणार होता. मी उंबऱ्यापर्यंत गेले होते आणि परत येऊन कुटायला बसले होते.

"मी न्हाई कवा भांडले त्यास्नी," आत्या एकदम म्हणाल्या. सासऱ्यांबद्दल बोलत होत्या. ते जाऊन बरीच वर्षं झाली. "पेन्शनीवर आलं तवाबी न्हाई. सवयच झालती. सगळं हातात दिलं, कवा उलटून बोलले न्हाई. धा वर्सं घरात हुतं, पर पाव्हण्यागत ऱ्हायलं आन् पाव्हण्यागत गेलं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं, मग काढलं, मग परत लावलं. "त्या दिशी तू बांधावर वरडलीस म्हणं. बायका सांगत हुत्या."

मला वाटलं आता बोलणी बसणार.

"मला जमाय पायजे हुतं," त्या म्हणाल्या.

मी बत्ता टाकला. हात धुतले नाहीत. पायात चप्पल अडकवली की नाही तेही आठवत नाही, रस्त्याला लागल्यावर बघितलं तर होती. फाटा काही लांब नाही, पण मी त्या दिशेनं त्याला निरोप द्यायला कधीच गेले नव्हते, त्यामुळं ती वाट मला परक्या गावची वाटत होती. डेअरीवरून परतणारी माणसं बघत होती. एकानं विचारलं, "काय मॅडम, चटणी राहिली व्हय द्यायची?" माझ्या हाताला तिखट लागलेलं होतं.

तो फाट्यावर ट्रंकेवर बसला होता. बसला होता, शांतपणे, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. घरात मला जे कधी बघायला मिळालं नाही ते इथं रस्त्याच्या कडेला दिसत होतं आणि मला त्याचा भयंकर राग आला.

"काय झालं?" तो उठला. "आईला काय झालं?"

"काही नाही."

लांबून एसटी येत होती. पुतण्यानं हात केला. गाडी थांबली, दार उघडलं. नवऱ्यानं ट्रंकेच्या कडीला हात घातला.

"जाऊ नका," मी म्हणाले.

इतकं हळू आलं ते की माझं मलाच कळलं नाही बाहेर पडलं का. त्यानं कडी सोडली नाही, उचललीही नाही.

"काय म्हणालीस?"

"जाऊ नका. घरी राहा."

"मग आधी का म्हणाली न्हाईस?"

"तुम्ही विचारलं होतं?"

"हे काय इचारायचं आसतंय?" त्याचा आवाज चढला. "रोज वाट बघत हुतो. तू आपली स्पेलिंगं सांगतीस."

कंडक्टर दारात लोंबकळत होता. "ओ मिलिटरी, यायचं हाय का न्हाई?"

माझ्या नवऱ्यानं त्याच्याकडं बघितलंच नाही. "परत म्हण," तो मला म्हणाला.

मी परत म्हणाले. आणि मग त्यानं न सांगता आणखी एकदा म्हणाले, चांगलं मोठ्यानं, गाडीतल्या खिडक्यांमधून डोकी बाहेर आली इतकं मोठ्यानं. मला रडू येत होतं आणि डोळे पुसायला हात न्यावा तर हाताला तिखट. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली आणि गाडी निघून गेली.

पुतण्याला आम्ही मोटरसायकलवरून पुढं पाठवलं. ट्रंकेची एक कडी त्यानं धरली, दुसरी मी. गावातून आम्ही तशीच ती आणली, शेजारी शेजारी चालत, मध्ये ट्रंक. पुण्याला फोन करून काय सांगायचं, गणित कोणाकडून शिकायचं, पुढची जाहिरात कधी निघेल, असलं काहीबाही तो बोलत होता. मला गणित येत नाही, हे मी त्याला तिथंच सांगून टाकलं.

आत्या दारात उभ्या होत्या, लाडवाचा डबा हातात तसाच. त्यांनी आमच्याकडं बघितलं, ट्रंकेकडं बघितलं. मग आधी सासऱ्यांना आणि नंतर मुलाला त्या वर्षानुवर्षं ज्या आशेनं विचारत आल्या होत्या, त्याच आशेनं विचारलं, "का रं, सुट्टी वाढवून घितली व्हय?"

त्यानं ट्रंक अंगणात टेकवली.

"न्हाई आये," तो म्हणाला. "सुट्टी संपली."